पाऊण तास पुढे

आमच्या घरात दोन वेळा चालायच्या, एक बाबांची आणि एक आईची. बाबा कारंज्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा रजिस्टरमध्ये लिहायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते भोंग्यावरून सांगायचं. त्यांची वेळ त्यांच्या डाव्या मनगटावर असायची आणि रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर ती ते मिळवून घ्यायचे. आईची वेळ पडवीतल्या भिंतीवर असायची. ती कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायची, पंगत पडवीत बसायची, म्हणून मोठं लंबकाचं घड्याळही पडवीतच, बुद्धाच्या तसबिरीच्या शेजारी. तसबिरीतले डोळे मिटलेले होते. आमच्या घरात वेळेची चिंता नसलेले तेवढे एकच.

आईचं घड्याळ नेहमी पुढे असायचं. घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचं ही काही तिची एकटीची अक्कल नव्हती, आमच्या गल्लीतली निम्मी घड्याळं तशीच होती आणि शेजारीपाजारी वेळ विचारताना ‘तुमची किती पुढं हाय?’ हेही विचारून घ्यायचे. पण आई दहावर थांबणारी बाई नव्हती. खानावळीतली पोरं उशिरा येतात, निम्म्या भाकरी गार होतात, पहिला तास बुडतो, मग दुपारी तोंड पाडून पुन्हा चहाला येतात, हे बघून तिनं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. आठवडाभर पोरं वेळेवर आली. मग त्यांना कळलं. ती पंधरा मिनिटं वजा करू लागली. आईनं अर्धा तास केला. पोरांनी अर्धा तास वजा केला. आईनं पाऊण तास केला आणि वर मला कागद-पेन घेऊन बसवलं. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. ‘लिही,’ ती म्हणाली, ‘आजपासून घडी बरोबर हाय.’ मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आजपासून हे घड्याळ बरोबर आहे,’ आणि चिठ्ठी काचेखाली डकवली. तीन दिवस पोरं फसली. पुढच्या महिन्यात पुन्हा तशीच चिठ्ठी, पुन्हा माझंच अक्षर. या खेपेला ती एक दिवससुद्धा फसली नाहीत. मला त्या चिठ्ठ्यांबद्दल काही वाटत नव्हतं असं नाही, पण आईचा शब्द मोडायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची.

बाबांना मात्र त्या घड्याळाचा मनापासून राग होता. ड्यूटीवरून आले की ते पडवीतून मान खाली घालून आत जायचे, म्हणजे ते दिसायला नको. ‘घडी म्हणजे काय तुह्या कुकरची शिट्टी हाय?’ ते एकदा आईला म्हणाले, ‘तुले पायजे तवा वाजवाले?’ आई भाकर थापताथापताच म्हणाली, ‘तुमच्या बरोबर घडीनं तुमच्या गाड्या तरी बरोबर येतात का?’ बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि हातपाय धुवायला गेले.

आमचं घर स्टँडच्या मागं दोन गल्ल्या सोडून होतं. त्यामुळे दिवसभर बाबांचा आवाज घरात यायचा. घरात ते अगदी मोजकं आणि वऱ्हाडीत बोलायचे, पण माईकसमोर बसले की त्यांच्या तोंडात वेगळीच जीभ यायची. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मंगरूळपीरमार्गे वाशीमला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’ एकेक शब्द तासून पुसून ठेवलेला. आई चुलीपाशी बसून त्या आवाजाशी भांडायची. भोंगा म्हणाला ‘लक्ष द्यावे’, की ही म्हणायची, ‘लक्ष द्यायलेच तं बसली हाय मी, दुसरं काम काय हाय मले.’ स्टोव्हची घरघर, परातीवर भाकरीचा थप थप आवाज, तव्यावर आपटणारं उलथणं आणि या सगळ्यावरून फिरणारा बाबांचा शुद्ध आवाज, हे माझ्या लहानपणाचं संगीत. आजही कुठल्याही स्टँडवर भोंगा खरखरला की मला भूक लागते.

खानावळीत जेवायला सात-आठ पोरं असत, पण आईचा जीव त्यातल्या एकात गुंतला होता. दिगंबर त्याचं नाव. रिसोडकडच्या केनवडचा. इतक्या लांब तो कारंज्याला आला कारण त्याचा मामा इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये होता आणि त्याच्याकडे झोपायची सोय होती. दिगंबर आळशी नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याला रस्त्यात माणसं भेटत. तो घरून वेळेवर निघायचा, पण कोपऱ्यावर कुणाच्या सायकलची चेन उतरलेली असायची, पुढं कुणी म्हातारी दळणाचा डबा घेऊन थांबलेली असायची, त्याच्यापुढं कुणाचा बैल गाडीला जुंपून घेत नसायचा. दिगंबर या प्रत्येकापाशी थांबायचा. चेन बसवायचा, डबा गिरणीत पोचवायचा, बैलाशी गोड बोलायचा आणि घामाघूम होऊन पहिला तास संपताना वर्गाच्या दारात उभा राहायचा. सर विचारायचे, ‘काय रे, आज कोण?’ तो सांगायचा, ‘सर, बैल.’

यामुळेच त्याचा गणिताचा पेपर एकदा बुडाला. रस्त्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला होता, तो ढकलू लागला आणि हॉलमध्ये पोचेतो अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत, हा तेव्हाही नियम होता. दुसऱ्या वेळी पोचला वेळेवर, पण नापास झाला. आता तिसरी खेप. आणि या खेपेला केनवडहून निरोप आला होता. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला घाटाच्या पलीकडे जात. वडिलांनी सांगून पाठवलं होतं, यंदा पेपराले बसला नाई तं टोळीत नाव टाकतो, मंग पुस्तक वाहून नेजो फडात. दिगंबरनं हा निरोप आईला हसत हसत सांगितला, पण वरणात भाकर कुस्करताना त्याचा हात थांबला होता. आईनं ते पाहिलं. पोरं गेल्यावर मला म्हणाली, ‘हे पोरगं कोयता हातात घेऊन फडात गेलं, तं माह्या भाकरीले काय अर्थ राह्यला, सांग.’

त्याच सुमारास आमच्या कॉलेजात वेळेचं नियोजन या विषयावर एक व्याख्यान झालं. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते आणि दिगंबर माझ्या पुढे. अमरावतीहून एक सर आले होते, दोन्ही खिशांना पेनं लावलेले. त्यांनी सगळ्यांना चोवीस तासांचं एक वर्तुळ काढायला लावलं आणि त्यात रंगीत पेन्सिलीनं आपला दिवस भरायला सांगितला. अभ्यास हिरवा, झोप निळी, वाया जाणारा वेळ लाल. मला ते भयंकर आवडलं. घरी येऊन मी आणखी एक वर्तुळ काढलं, दिगंबरसाठी, आणि संध्याकाळी पंगतीत त्याच्यापुढे ठेवलं. त्यात मी गणिताला साडेचार तास हिरवे दिले होते आणि रस्त्यासाठी तांबडी बारीक फाक ठेवली होती. दिगंबरनं ते फिरवून फिरवून पाहिलं. ‘चांगलं काढलं,’ तो म्हणाला, ‘पण यात बैल कुठी हाय?’ आईनं पदराला हात पुसत वाकून पाहिलं. तिला अक्षरं वाचता येत नसली तरी फाकी मोजता येत होत्या. जेवण कोणतं ते तिनं मला विचारलं. मी दाखवलं, पंधरा मिनिटं. ‘पंधरा मिनटात तं हा नुस्ता हात धुतो,’ ती म्हणाली. ‘आन पानी भरनं? नळ कवा येईल ते तुह्या वर्तुळाले कोन सांगन?’ कारंज्यात तेव्हा नळ रोज येत नसे आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी सगळी वर्तुळं गुंडाळून ठेवावी लागत.

मी आता निवृत्त झाले आहे, पण कॉलेजं अजून मला पोरांशी बोलायला बोलावतात, आणि विषय बहुतेक हाच असतो. मागं एक मुलगी मला मोबाईल दाखवून म्हणाली, ‘मॅडम, मी पाच अलार्म लावते, पाच-पाच मिनिटांनी. पहिले चार बंद करते आणि पाचव्याला उठते.’ मला एकदम पडवीतलं घड्याळ आठवलं. यंत्र बदललं, वजाबाकी तीच आहे. मी तिला काहीतरी शहाणपणाचं सांगितलं असणार, पण मनात हसू फुटत होतं.

तर त्या अमरावतीच्या सरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात घुसलं होतं. ते म्हणाले होते की जो घड्याळाशी खोटं बोलतो तो स्वतःशी खोटं बोलतो. त्या वयात असली वाक्यं फार लागतात. मला वाटू लागलं की दिगंबरचं आयुष्य नीट व्हायचं तर आधी आमचं घड्याळ नीट झालं पाहिजे. खोट्या वेळेवर जगून त्याला खऱ्या वेळेची शिस्त कशी लागणार? पेपरच्या आदल्या संध्याकाळी पंगत उठल्यावर आई किराणा आणायला गेली होती. बाबांनी तोंड धुवायला जाताना मनगटावरचं घड्याळ कोनाड्यात काढून ठेवलं होतं. मी स्टूल घेतलं, बाबांचं घड्याळ हातात धरलं, आणि पडवीतल्या घड्याळाचे काटे पाऊण तास मागे नेले. मिनिटाला मिनिट मिळवलं. मग जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहिली. ‘हे घड्याळ बरोबर आहे.’ ती वाचून माझंच समाधान होईना. म्हणून खाली आणखी एक शब्द लिहिला, ‘खरंच.’ घड्याळाच्या चौकटीमागे आई घरातले महत्त्वाचे कागद खोचून ठेवायची. दिगंबरचं हॉलतिकीटही तिनं मागून घेऊन तिथंच खोचलं होतं, म्हणजे तो ते हरवणार नाही. त्याच्या शेजारीच मी चिठ्ठी लावली आणि अगदी पुण्य केल्यासारखी खाली उतरले.

सांगायचं का नाही कुणाला, असं तुम्ही विचाराल. आईला सांगितलं असतं तर तिनं तत्काळ काटे पुन्हा पुढे सारले असते. पोरांना सकाळी सांगू, पंगतीत, सगळ्यांसमोर, एक छोटंसं भाषण करू, असं मी ठरवलं होतं. भाषणाची दोन वाक्यं पाठही केली होती.

सकाळी नळ आला. आमच्याकडे नळ आला की माणूस माणसात राहत नाही. मी, शेजारच्या दोघी, घागरी, बादल्या, पितळी पातेली, असं अंगणात सगळं सुरू झालं. भाषण डोक्यातून गेलं ते गेलंच. आत पोरं येत होती, चिठ्ठी वाचून हसत होती. ‘काकू, आता खरंच पण लिव्हलं का?’ असं कुणीतरी म्हणालं. आईला वाटलं जुनीच चिठ्ठी आहे, तीही हसली. दिगंबर न्हाऊन, केसाला तेल लावून, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. आईनं त्याच्यासाठी खास बेसन केलं होतं, वर कच्चा कांदा, लसणाचा ठेचा आणि तव्यावरून सरळ ताटात भाकर. पेपर नऊला होता. त्यानं आणि आईनं मिळून हिशेब केला होता की साडेआठला उठायचं, वीस मिनिटांत चालत पोचायचं, रस्त्यात कोणीही भेटलं तरी मान वर करायची नाही. मी एक घागर आणून ठेवताना घड्याळाकडे पाहिलं. नऊला दहा कमी होती. माझ्या डोक्यानं लगेच पाऊण तास काढला. आठ वाजून पाच. चला, भरपूर वेळ आहे, असं म्हणून मी पुन्हा नळावर गेले. काटे ज्या हातानं फिरवले तोच हात घागर घेऊन परत निघाला. आज आठवलं तरी मला स्वतःची कीव येते आणि लगेच हसूही येतं.

गणितात नापास झालेला दिगंबर वजाबाकीत कधी चुकत नसे. घड्याळात नऊ वाजून पाच झाले, तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं की आठ वीस झाले, आणखी एक भाकर बसते. आईनं वाढली. तेवढ्यात भोंगा खरखरला. बाबांचा आवाज आला, नेहमीसारखाच तासलेला. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मंगरूळपीरमार्गे वाशीमला जाणारी नऊ वाजून दहा मिनिटांची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे.’ पडवीत कुणाचंच लक्ष गेलं नाही. आईचं गेलं. तिचा हात परातीवर थांबला. ती म्हणाली, ‘आठ वीसले नऊ दहाची गाडी?’ गाडी उशिरा येऊ शकते, न येऊ शकते. इतक्या वर्षांत आईनं भोंग्यावरून सगळं ऐकलं होतं, पण पाऊण तास आधी लागलेली गाडी कधी ऐकली नव्हती. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी दारात बादली घेऊन उभी होते.

भोंगा बंद झाला नव्हता. बाबा घसा खाकरताना कधी माईक उघडा ठेवत नसत, त्या दिवशी ठेवला. मग त्याच शुद्ध, सरकारी आवाजात शब्द आले. ‘केनवड येथील विद्यार्थी दिगंबर यांनी जेवण थांबवून ताबडतोब फलाट क्रमांक दोनवर यावे. पेपर सुरू झालेला आहे. पुन्हा एकदा. केनवड येथील विद्यार्थी दिगंबर यांनी जेवण थांबवून ताबडतोब फलाट क्रमांक दोनवर यावे.’

नंतर कळलं की पोरं रोज कॉलेजला जाताना बाबांच्या खिडकीसमोरून जात, आणि त्या सकाळी बाबा पावणेनऊपासून एक डोळा रजिस्टरवर आणि एक रस्त्यावर ठेवून होते. दिगंबर दिसेना. नऊ वाजले तरी दिसेना. आईच्या घड्याळाचं काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं, पण आईच्या भाकरी माहीत होत्या.

दिगंबर जो उठला तो हात न धुता. आईनं त्याच्या हातातली भाकर ओढून घेतली, चपला त्याच्या पायाशी ढकलल्या आणि म्हणाली, ‘पय. कोनाकडंच पाहू नको, देव भेटला तरी पाहू नको.’ तो धावला. त्यानं गल्ली ओलांडल्यावर मला चौकटीमागचं हॉलतिकीट आठवलं. बादली टाकून मी स्टुलावर चढले, ते ओढलं, चिठ्ठी फाटून खाली पडली, आणि मी त्याच्या मागं पळत सुटले, पदराचा बोळा, पायात चप्पल नाही, अंग नळाच्या पाण्यानं भिजलेलं. सगळ्या गल्लीनं भोंगा ऐकला होता. लोक दारात उभे राहून त्याला वाट करून देत होते आणि पुढचा रस्ता दाखवत होते, जणू त्याला ठाऊकच नव्हता. सायकलवाला एकजण मुद्दाम बाजूला झाला, ‘माही चेन बरोबर हाय, तू जाय’ असं ओरडला. वाशीमची गाडी कॉलेजच्या फाटकासमोरूनच जायची, पण तिथं थांबा नव्हता. बाबा खिडकी सोडून फलाटावर आले होते, ड्रायव्हरच्या दाराशी उभे होते. त्यांनी आयुष्यात एकही गाडी ठरलेल्या थांब्याशिवाय थांबवायला सांगितली नव्हती. मी हॉलतिकीट गाडीच्या खिडकीतून दिगंबरच्या हातात कोंबलं. बाबांनी मनगटाकडे पाहिलं, नऊ दहा झाले होते, आणि त्यांनी ड्रायव्हरला म्हटलं, ‘फाटकापाशी जरासं थांबजा. नुस्तं ब्रेक दाबला तरी चालते, हा उडी मारते.’ गाडी अगदी वेळेवर सुटली.

नऊ वीसला तो हॉलमध्ये बसला होता. धापा टाकत, उजव्या हाताला बेसन. त्याच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर पिवळा अंगठा उमटला होता, आणि तपासणाऱ्याला त्या वासानंच दया आली असं तो पुढं कायम सांगायचा.

दुपारी बाबा घरी आले. आई त्यांची वाटच पाहत होती. तिनं काही तपास केला नव्हता, तिला गरजच वाटली नव्हती. घरात त्या घड्याळाचा वैरी एकच होता. ‘तुमीच केलं ना बरोबर?’ ती म्हणाली. ‘येवढ्या वर्षात हात नाई लावला, आन आजचाच दिवस भेटला? पोरगं फडात गेलं असतं म्हंजे?’ फाटकी चिठ्ठी अजून जमिनीवर होती. बाबांनी ती उचलली. ‘खरंच’ हा शब्द त्यांनी वाचला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. पण बाबांनी चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘हो. मीच केलं. आज पेपर होता, म्हनलं खरी येळ असावं.’ बाबांना खोटं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आईनं त्यांना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. त्या दिवशी त्यांना गार भाकर आणि उरलेलं बेसन मिळालं. ते मुकाट्यानं जेवले. मी समोर बसून घागरी पुसत होते. खरं काय ते सांगायला मला फार वर्षं लागली.

शिक्षा घरापुरती नव्हती. स्टँडचा माईक खासगी कामासाठी का वापरला आणि थांबा नसताना गाडी का थांबवली, याचा लेखी खुलासा बाबांकडे मागितला गेला. नोकरीतला त्यांचा पहिला आणि शेवटचा खुलासा. त्यांनी तो दोन रात्री विचार करून लिहिला आणि तो एका ओळीचा होता. ‘प्रवासी वेळेवर पोचावा हे माझे काम आहे, ते मी केले.’ वरून काही उत्तर आलं नाही. आईनं मात्र दुसऱ्याच दिवशी घड्याळ पुन्हा पुढे केलं. या वेळी एक तास. तेव्हा सुधारणा कुणाचीच झाली नाही, हेही लिहून ठेवते.

दिवाळीनंतर टोळी गेली, दिगंबर तिच्यात नव्हता. निकाल लागला त्यात तो पास होता. किती मार्कांनी ते विचारू नका, तोही सांगत नसे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची आई ऊस तोडून परतली आणि पोराला भेटायला कारंज्याला आली. आमच्या पडवीत बसून तिनं पहिल्यांदा ताट पाहिलं, मग माझ्या आईकडे, मग वर भिंतीकडे. ‘हेच का ते घडी?’ तिनं विचारलं. आई म्हणाली, ‘हेच.’ ती बाई उठून जवळ गेली आणि काचेवर हात फिरवला, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा. या घड्याळानंच पोरगं वाचवलं असं तिला वाटत होतं, तिला मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आणखी पुष्कळ वर्षांनी बाबा निवृत्त झाले. तोवर माझं लग्न झालं होतं, नोकरी लागली होती, खानावळ बंद झाली होती. शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला स्टँडवर गेले. दिगंबर माझ्या आधी आलेला होता. तो आता धनजकडच्या एका शाळेत गणित शिकवत होता आणि सगळ्या गोष्टींना तासभर आधी पोचायची त्याला सवय लागली होती. पोरं त्याला कंटाळत असतील, पण मला तो तसा आवडला. ड्यूटी संपायला आली, सहकाऱ्यांनी हार घातला, बाबा रजिस्टर मिटून बसले. तेवढ्यात दिगंबरनं त्यांना न विचारता माईक ओढून घेतला आणि घसा खाकरला. संबंध स्टँडवर आवाज घुमला, बाबांचाच शुद्ध सरकारी आवाज, हुबेहूब. ‘वाहतूक नियंत्रक वानखडे साहेब यांनी काम थांबवून ताबडतोब घरी जेवायला यावे. पुन्हा एकदा.’ तेच वाक्य दुसऱ्यांदा त्याला म्हणता आलं नाही, त्यानं माईक बाबांकडे परत सरकवला. दोन गल्ल्या पलीकडे आई दारात उभी असणार आणि भोंग्याशी भांडत असणार, हे मला तिथं उभं राहून दिसत होतं.

बाबांनी मनगटाकडे पाहिलं. ‘अजून दोन मिन्टं हायेत,’ ते म्हणाले आणि खुर्चीतच बसून राहिले.

बाबा खिडकीबाहेर रिकाम्या फलाटाकडे पाहत होते. मला वाटलं, सांगायचं तर आता. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, ‘बाबा, ते घडी मी बरोबर केली होती. पेपराच्या आदल्या दिवशी.’

‘माईत हाय,’ ते म्हणाले. ‘अक्षर तुहं होतं.’

‘अक्षर तं साऱ्या चिठ्ठ्यांवर माहंच होतं.’

‘खरंच कोनत्या चिठ्ठीवर लिव्हलं होतं?’ बाबा म्हणाले. ‘तुही माय असं नाई सांगत लिव्हाले.’

‘मंग तुमी काहून बोल्ले नाई? तुमी गार भाकर खाल्ली.’

शर्टाच्या वरच्या खिशात हात घालून बाबांनी पाकीट काढलं, त्यातून चार घड्या घातलेला एक फाटका, पिवळा पडलेला कागद माझ्या हातात दिला आणि मनगटाकडे पाहिलं. मग टोपी उचलली.

‘चाल,’ ते म्हणाले. ‘झाली येळ. आजची गरम भेटन.’